वरचा कोण, खालचा कोण

नोव्हेंबरातल्या एका दुपारी नात शाळेतून आली, दप्तर सोफ्यावर टाकलं आणि पायातले मोजेही न काढता माझ्यापुढे वही धरली. मी संत्रं सोलत होते. पानावर दोन लाल फुल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी बाईंनी केलेल्या दुरुस्त्या. "आजी, तू चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. रागात नव्हती. तिच्या आवाजात आश्चर्य होतं, आणि तेच जास्त लागलं. रागावली असती तर संत्र्याच्या दोन फोडी तोंडात कोंबून विषय बदलता आला असता.

गोष्ट आदल्या रात्रीची. वर्कशीटवर ८३ खाली ४७, खाली रेघ, उत्तर ३६. तिन्ही आकड्यांना बाण आणि बाणांच्या टोकाला रिकाम्या चौकटी. मिन्युएंड, सबट्राहेंड आणि डिफरन्स हे तीन शब्द जागेवर बसवायचे होते. डिफरन्स तिनं स्वतःच लिहिला. उरले दोन. मी चष्मा लावला आणि फारसा विचार न करता सांगून मोकळी झाले, "मायनस करतो तो मिन्युएंड. म्हणजे खालचा." किती तर्कशुद्ध वाटलं होतं! ३८ वर्षं बँकेत काढली, त्यातली पहिली बरीच कॅश काउंटरवर. दिवसाला शेकडो वजाबाक्या केल्या असतील, आणि तिसरीतल्या पोरीसमोर वरचा कोण नि खालचा कोण हे मला सांगता आलं नाही.

संध्याकाळभर ते डोक्यात राहिलं. मराठीतले शब्द तरी आठवतात का म्हणून पाहिलं. वियोज्य आणि वियोजक, एवढं आलं. पण यातला वरचा कुठला? भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गुण्य-गुणकही येतात. वियोज्य-वियोजकाशी मात्र आयुष्यात कधी काम पडलं नाही. परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेनंतर सोडून दिले, पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशा परत कपाटात जाव्यात तसे.

खरं सांगायचं तर वजाबाकी करताना कुणी नावं घेतच नाही. परवा गोकुळपेठेत संत्री घेतली, एकशे पासष्ट झाले, पाचशेची नोट दिली. संत्रेवाला म्हणाला, "पाचशेतून एकशे पासष्ट गेले, तीनशे पस्तीस रायले. घ्या ताई." बस, एवढंच. गेले आणि राहिले. कुणी कुणाला वजा केलं नाही, कुणी कुणातून काढलं नाही. पैसे आपले उठले आणि गेले. आणि मोठा आकडा लहानातून काढायची वेळ आली की "जात नाही" म्हणायचं. तीनातून सात जात नाही. जणू त्या साताचीच मर्जी. शाळेत आम्ही हे इतक्यांदा घोकलं, पण "जात नाही" म्हणजे काय, असं कधी कुणी विचारलं नाही. जात नाही म्हणजे जात नाही. हातचा घे.

वजाबाकी हा शब्दही किती वेगळ्या घरचा आहे. वजा अरबी, बाकीही अरबी. पोथीतून नाही, दप्तरातून आलेले शब्द; कारकुनांच्या, मुनीमांच्या तोंडून मराठीत शिरले आणि इतके रुळले की आता कुणाला परके वाटत नाहीत. गंमत अशी की आपण करण्यालाही वजाबाकी म्हणतो आणि आलेल्या उत्तरालाही वजाबाकीच म्हणतो. आणि बाकी तर दुतोंडी. पोरांच्या वहीत बाकी म्हणजे उरलेलं. किराण्याच्या वहीत बाकी म्हणजे कुणाकडून तरी यायचं राहिलेलं. "तुमच्याकडे बाकी आहे" असं दुकानदार म्हणाला की ते आपल्याकडे उरलेलं नसतं, आपल्यावर चढलेलं असतं.

हे मला भाऊंमुळे माहीत. भाऊ म्हणजे माझे वडील. इतवारीत, मस्कासाथेच्या बाजूला एका धान्याच्या पेढीवर ते मुनीम होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी महालातून चालत त्यांचा डबा घेऊन जायची. गल्लीत शिरल्याबरोबर आधी मिरचीचा खाट यायचा, मग हळद, मग तागाच्या पोत्यांचा तो कोरडा, घशाला खाजवणारा वास. भाऊ पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसलेले, समोर बैठं मेज, त्यावर लाल कापडी बांधणीच्या लांबोळक्या वह्या. रोजमेळ वेगळा, खतावणी वेगळी. येणे बाकी एकीकडे, देणे बाकी दुसरीकडे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी सगळं पाठ. ओठ हलायचे आणि आकडा कागदावर पडायचा. लिहिताना ते आकड्याकडे बघतच नाहीत असं मला वाटायचं.

पण ज्यानं मी थक्क व्हायची ते वेगळंच होतं. भाऊ सुटे पैसे देताना वजाबाकी करतच नसत. सदतीस रुपयांचा माल, गिऱ्हाईकानं शंभराची नोट दिली, की भाऊ त्याच्या पसरलेल्या तळहातावर पैसे ठेवत जायचे आणि मोजायचे: "सदतीस... तीन चाळीस... दहा पन्नास... पन्नास शंभर." झालं. गिऱ्हाईकाला त्रेसष्ट मिळाले, पण त्रेसष्ट हा आकडा कुणी उच्चारलाच नाही. उत्तर तळहातावर होतं. मी एकदा विचारलं, भाऊ, शंभरातून सदतीस वजा का नाही करत? ते म्हणाले, "वजा केलं तर त्याला माझ्यावर विश्वास ठेवावा लागते. असं मोजलं तर त्याले स्वतःले दिसते."

कागदावर मांडायची वेळ आली तरी त्यांची रीत माझ्या नातीच्या शाळेपेक्षा वेगळी. नात ८३ मधल्या आठावर काट मारते, वर बारीक सात लिहिते, तिनाला एक चिकटवून तेरा करते. वरचा आकडा बिचारा जखमी होऊन जातो. मधे शून्यं असली तर पानावर नुसतं रणांगण. भाऊ वरच्या आकड्याला हात लावत नसत. "तीनातून सात जात नाही. तेरातून सात गेले, सहा. हातचा एक. चार न् एक पाच. आठातून पाच गेले, तीन." छत्तीस. वरच्याला सुट्यांत दहा दिले, खालच्याला दशकात एक दिला, म्हणजे तेही दहाच. ८३ वजा ४७ च्या जागी ९३ वजा ५७ केलं. दोघांनाही सारखंच दिलं तर मधलं अंतर हलत नाही. हे मला पाचवीत काही केल्या पटेना, तेव्हा भाऊंनी वही मिटली आणि म्हणाले, "तू आता दहाची, मी सदतीसचा. तू वीसची होशील तेव्हा मी सत्तेचाळीसचा. तुझ्यामाझ्यात सत्तावीसचं अंतर हाये. ते कधी कमी होते का?"

पटलं. त्यानंतर मी आयुष्यभर त्याच रीतीनं वजाबाकी केली, बँकेतसुद्धा.

बँकेत त्या तीन शब्दांपैकी एकच शब्द चालायचा, आणि त्याची दहशत होती. डिफरन्स. "आज डिफरन्स आला" असं कुणी म्हटलं की पंख्याखालची सगळी माणसं गप्प व्हायची. १९९१ सालची गोष्ट सांगते. तेव्हा सगळं हातानं, कॉम्प्युटर अजून आमच्या शाखेपर्यंत पोचायचा होता. पाच वाजता माझी कॅश मोजली तर स्क्रोलपेक्षा, म्हणजे दिवसभराच्या नोंदींच्या यादीपेक्षा, सहाशे तीस रुपये कमी. दोनदा मोजली, तीनदा मोजली. गड्ड्या सोडून पुन्हा मोजल्या, ओल्या स्पंजवर बोटं पांढरी पडली. तेव्हाच्या माझ्या पगारात सहाशे तीस म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. घरी मुलगी लहान, सासूबाई खिडकीत बसून वाट पाहत असणार. आमचे हेड कॅशियर शांतपणे आले, चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सहाशे तीसला नवानं भाग जातो का बघा." मला वाटलं, यांना मस्करी सुचते आहे. गेला भाग, सत्तर वेळा. "मग पैसे कुठं गेले नाहीत. तुम्ही आकडे उलटे लिहिलेत."

शेजारशेजारचे दोन अंक लिहिताना अदलाबदल झाले की येणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. ७२ चे २७ झाले तर ४५, ५४ चे ४५ झाले तर ९. अंकांमधला फरक गुणिले नऊ, आणि जागा दशक-शतकाची असेल तर पुढे शून्य. आम्ही स्क्रोलवर बोट ठेवून वरून खाली आलो. अठ्ठाविसाव्या ओळीत सापडलं. पावती २,१८० ची, मी लिहिले होते २,८१०. सहाशे तीस. मी तिथेच खुर्चीवर बसून थोडी रडले आणि मग तो गार झालेला चहा प्यायले. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की उत्तराकडे नीट पाहिलं तर चूक कुणी आणि कशी केली हेही ते सांगतं. वरच्या आणि खालच्या आकड्याचं नाव मात्र हेड कॅशियरनाही माहीत असेल असं वाटत नाही.

तर त्या फुल्यांच्या रात्री, सगळे झोपल्यावर, मी वियोज्य नि वियोजक घेऊन बसले. शेवटी व्याकरणानं सोडवलं. शेवटी 'य' आला की 'करायचं आहे ते': पूज्य, भोज्य, त्याज्य. शेवटी 'अक' आला की करणारा: लेखक, गायक, मारक. भाज्य म्हणजे ज्याला भागायचं तो, भाजक भागणारा. तसंच वियोज्य म्हणजे ज्याला वियोग घडायचा आहे तो, वरचा. वियोजक म्हणजे वियोग घडवणारा, खालचा. दुसरी-तिसरीच्या पोरांच्या वहीत चक्क वियोग! विरहिणीच्या पदात शोभेल असा शब्द, आणि खाली सत्तेचाळीस.

मग इंग्रजी शब्द पाहिले. दोन्ही लॅटिनमधून आलेले. मिन्युएंड म्हणजे 'कमी करायचा आहे तो', सबट्राहेंड म्हणजे 'खालून ओढून काढायचा आहे तो'. आणि कपाळावर हात मारला, कारण ही शेपटी मी रोज पाहिलेली. डिव्हिडंड! ज्याची वाटणी करायची आहे ते. डिव्हिडंडची, म्हणजे कंपन्यांच्या लाभांशाची, वॉरंटं जमा करता करता माझी हयात गेली आणि तो भाज्य आहे हे लक्षात आलं नाही. मायनस करतो तो मिन्युएंड नव्हेच. ज्याचं मायनस व्हायचं आहे तो. मी मारणाऱ्याला नि मार खाणाऱ्याला उलटं बसवलं होतं. २,१८० चे २,८१०.

पण त्यातही एक फरक आहे, आणि तो मला सोडेना. लॅटिनमध्ये दोन्ही आकडे नुसते उभे आहेत. एकाचं कमी व्हायचं आहे, एकाला ओढलं जायचं आहे. करणारा कुणी तिसराच, पेन्सिल हातात धरलेला. आपल्याकडे खालचा आकडा स्वतःच करणारा आहे. जो जातो तोच वियोग घडवतो. लग्न झालं तेव्हा भाऊंच्या रेशनकार्डावरून माझं नाव काढायचं होतं, त्याशिवाय सासरच्या कार्डावर चढेना. त्या अर्जाला म्हणतात 'नाव कमी करण्याचा अर्ज'. भाऊंनी तो स्वतः लिहिला, मुनीमी वळणाच्या अक्षरात. कार्यालयातल्या माणसानं पट्टी ठेवून माझ्या नावावर लाल रेघ ओढली आणि पाचाच्या जागी चार केले. भाऊ परतताना सायकल हातात धरून चालले, बसले नाहीत. त्या दिवशी करणारी कोण होती? मी? मी तर मुंडावळ्यांच्या खुणा कपाळावर घेऊन पाठीमागच्या बाकावर बसले होते, आणि मनातून खूशही होते. लॅटिनवाल्यांचं बरोबर असावं. की आपलं?

परिभाषेचे असे शब्द घडवण्याचा एक मोठा उद्योग आमच्याच गावात झाला होता. डॉ. रघुवीर लाहोरहून नागपुरात येऊन राहिले आणि संस्कृत धातू, उपसर्ग, प्रत्यय यांची गणितासारखी मांडणी करून त्यांनी शास्त्राच्या नि कारभाराच्या शब्दांचे ढीगच्या ढीग रचले. नेकटायला कंठलंगोट वगैरे टवाळी पुष्कळ झाली. मीही हसले आहे. पण त्या रात्री 'य' आणि 'अक' यांनी मला रस्ता दाखवला हे कबूल करायला हवं. शब्द अंगावर येतो खरा, पण आपल्या आत किल्ली घेऊन येतो.

आणि तरी मला वाटतं की मराठीची वजाबाकी ती नव्हेच. ती आकड्यांच्या नावांत दडून बसलेली आहे. एकोणतीस म्हणजे एक ऊन तीस, तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळी उभी वजाबाकी आहे. नव्व्याण्णवाला काय झालं कोण जाणे, तो एकटा फटकून. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. ते ऊन म्हणजेच उणे, तीच उणीव, तेच उणंदुणं. आपण पावणेदोन वाजले म्हणतो तेव्हा वरचा, खालचा, वजाचं चिन्ह सगळं एका घोटात पिऊन टाकतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. माझं मन तेव्हाही दोन्हीकडे होतं. त्रेसष्ट की त्र्याहत्तर यात रडकुंडीला आलेली पोरं मी घरात पाहिली आहेत. त्यांना साठ तीन सोपं पडणारच. पण एकोणतीसचं वीस नऊ झालं की वजाबाकीची बेरीज होते. तिसाच्या उंबरठ्यावर उभं राहून आत डोकावणारा आकडा विसाच्या अंगणात जाऊन बसतो. काही चुकलं नाही, तरी मला हळहळ वाटली.

पुढच्या रविवारी मी नातीला भरपाई म्हणून एक जुनं गणित घातलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमाराला लीलावतीला घातलेलं. दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर यांची बेरीज कर, आणि ती दहा हजारांतून वजा करून सांग. तिला नाव आवडलं. बेरीज ३६० पटकन आली. मग दहा हजारांखाली ३६० मांडले आणि अडली. वर चार शून्यं, हातचा मागायला शेजारी कुणाकडे काही नाही. तिनं एकाकडून घेतलं, शून्याचे नऊ केले, पुन्हा काट, पुन्हा नऊ. खोडरबराचा भुगा चादरीवर पडत होता. मी तिचा तळहात पसरला आणि संत्र्याच्या बिया ठेवत गेले. "तीनशे साठ... चाळीस चारशे... सहाशे हजार... नऊ हजार, दहा हजार." नऊ हजार सहाशे चाळीस. तिनं तळहातावरच्या तीन बियांकडे पाहिलं. "हे चीटिंग आहे," ती म्हणाली. पण हसली.

"तुला कोणी शिकवलं?"

"माझ्या बाबांनी."

"ते तुझ्यापेक्षा किती मोठे?"

"सत्तावीस वर्षांनी."

तिनं मनात काहीतरी केलं. "म्हणजे आता अठ्ठ्याऐंशीचे?" नाही, म्हटलं. एकोणऐंशीचे होते, तेव्हा गेले. आता एकोणऐंशीच. ती थोडी थांबली. मग पेन्सिल घेऊन ७९ लिहिले, खाली माझे ६१, आणि रेघ ओढली. "नवातून एक गेला आठ, साठातून—" "सातातून सहा," मी म्हटलं. "एक. अठरा. सत्तावीस नाही आलं, आजी." मी म्हटलं, हो, पुढच्या वर्षी सतरा येतील. त्यानंतर सोळा. वरचा थांबला आहे, खालचा चालतो आहे. भाऊंनी मला हे सांगितलं नव्हतं. त्यांचं दहाव्या-विसाव्या वर्षाचं उदाहरण तोवरच खरं होतं. तिला यात दुःख वगैरे काही दिसलं नाही, तिला गणित दिसलं. "आणि तू ऐंशीची झाली की?"

"मग?"

"मग जाणार नाही," ती म्हणाली.

आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखं तिनं ७९ च्या पुढे बाण काढून चौकट केली, ६१ च्या पुढे केली, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत वहीची मागची पानं उलटून त्या लाल फुल्यांचं पान शोधू लागली.